चारच्या पुढचा आकडा

साठीच्या आसपासच्या पुरुषांसाठी लॅबवाले 'फुल बॉडी चेकअप'ची जी पॅकेजेस विकतात, त्यांत साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड यांच्या रांगेत हल्ली पीएसए नावाची एक ओळ असते. रक्त घरी येऊन नेतात, संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो. बाकीचे आकडे साध्या टायपात असतात. पीएसएसमोर मात्र ५.२ हा आकडा ठळक छापलेला, त्याला चिकटून 'एच' हे अक्षर आणि उजवीकडच्या रकान्यात '० ते ४' अशी मर्यादा. बस, एवढेच. रक्ताचा रिपोर्ट कसा वाचायचा हे आपल्याला साखरेने शिकवले आहे. उपाशीपोटीची साखर दोन वेळा १२६ किंवा त्याच्या वर आली की मधुमेह. तिथे आकडा हेच निदान असते. पीएसएचा आकडा तसे काही सांगत नाही. तो प्रोस्टेटच्या कर्करोगाची शक्यता थोडी वर किंवा खाली सरकवतो. किती सरकवतो, हे त्या माणसाचे वय, त्याच्या ग्रंथीचा आकार, तो घेत असलेली औषधे आणि तो जिथे राहतो तिथे हा कर्करोग मुळात किती आढळतो, यांवर अवलंबून असते. या चाचणीवरून जगभर जो वाद झाला, त्यातला बराचसा तिच्याकडून 'हो की नाही' एवढेच उत्तर मागितल्यामुळे झाला, असे मला वाटते. आकडा वाढल्यावर काय आणि कोणत्या क्रमाने करायचे हे पक्के असेल, तर हीच चाचणी चांगली कामी येते.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीच्या पेशींत तयार होणारे एक विकर आहे, म्हणजे इतर प्रथिने तोडणारे प्रथिन. वीर्य बाहेर पडल्यावर घट्ट होते आणि काही मिनिटांत पुन्हा पातळ होते; ते पातळ करणे हे या विकराचे काम. म्हणून त्याची जागा वीर्यात आहे, रक्तात नाही. वीर्याच्या तुलनेत रक्तातले त्याचे प्रमाण सुमारे दहा लाख पटींनी कमी असते आणि ते नॅनोग्रॅममध्ये मोजावे लागते. ग्रंथीच्या नलिका आणि रक्तवाहिन्या यांच्यामध्ये पेशींचे जे अस्तर आहे, ते धरणाच्या भिंतीसारखे हे विकर आत अडवून धरते. भिंतीतून पाझर वाढला की रक्तातला आकडा वाढतो. पण पाझर का वाढला, ते पाणी सांगत नाही. कर्करोगाने ती रचना मोडली असेल. वयोमानाने ग्रंथी फुगून मूळ उत्पादनच वाढले असेल. जंतुसंसर्गाने सूज आली असेल, लघवी तुंबली असेल, नळी घातली असेल, किंवा आदल्या दिवशी वीर्यस्खलन झाले असेल. गंमत अशी की कर्करोगाची पेशी निरोगी पेशीपेक्षा जास्त पीएसए बनवते असेही नाही. उलट पेशीमागे काहीसे कमीच बनवते. ती फक्त त्याला रक्तात जाऊ देते. त्यामुळे पीएसए प्रोस्टेटविषयी बोलते हे खरे, पण कर्करोगाविषयीच बोलते असे नाही.

मग चार हा आकडा आला कुठून? हे विकर १९७९मध्ये अमेरिकेतल्या बफेलो इथल्या रॉसवेल पार्क संस्थेत शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले. १९८६मध्ये तिथल्या औषध नियामकाने चाचणीला जी मान्यता दिली, ती कर्करोग शोधण्यासाठी नव्हती. ज्यांना तो आधीच झाला आहे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी होती. त्या कामात पीएसए आजही पहिल्या प्रतीचे आहे. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढून टाकल्यावर आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा आणि पुन्हा चढू लागला तर रोग उलटला, हे इतक्या स्वच्छपणे सांगणाऱ्या चाचण्या थोड्या आहेत. पुढे १९९१मध्ये विल्यम कॅटालोना यांच्या गटाने १६५३ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि चारची रेघ रूढ झाली. त्याच अभ्यासात आकडा ४ ते ९.९ असलेल्यांपैकी २२ टक्क्यांना कर्करोग निघाला होता. म्हणजे रेघ आखली गेली त्या दिवशीच तिच्या लगेच पलीकडे उभ्या असलेल्या दर पाचांपैकी जवळजवळ चौघांना कर्करोग नव्हता. १९९४मध्ये निदानाला मदत म्हणून औपचारिक मान्यता मिळाली आणि रेघ जगभरच्या रिपोर्टांत छापली जाऊ लागली.

रेघेच्या अलीकडचे चित्रही तितकेच अडचणीचे आहे. २००४मध्ये इयन थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी एक असा प्रयोग प्रसिद्ध केला जो एरवी कोणी करू धजला नसता: पीएसए चार किंवा त्याहून कमी असलेल्या, म्हणजे रिपोर्टच्या भाषेत 'नॉर्मल' असलेल्या २९५० पुरुषांची बायॉप्सी केली गेली. एका मोठ्या औषधचाचणीत ते आधीच सहभागी होते म्हणून हे शक्य झाले. त्यांच्यापैकी १५.२ टक्क्यांना कर्करोग निघाला. अर्ध्या नॅनोग्रॅमपर्यंत आकडा असलेल्यांतही तो ६.६ टक्क्यांना होता, आणि ३.१ ते ४ या पट्ट्यात २६.९ टक्क्यांना. आकडा चढतो तशी शक्यता हळूहळू चढत जाते. चारवर कोणतीही पायरी नाही. ३.९ वाल्याने निर्धास्त राहावे आणि ४.१ वाल्याने हादरून जावे, याला शास्त्रात आधार नाही. छापील रकान्याला मात्र काहीतरी आकडा लागतोच.

आता पुन्हा त्या ५.२ कडे येऊ. पहिले काम म्हणजे काही आठवडे थांबून, शक्यतो त्याच लॅबमध्ये चाचणी पुन्हा करणे. हे टाळाटाळ केल्यासारखे वाटते, पण २००३मधल्या एका अभ्यासात चारच्या वर गेलेल्या पुरुषांपैकी ४४ टक्क्यांचा आकडा पुढच्या एखाद्या वार्षिक तपासणीत आपोआप चारच्या खाली आलेला दिसला. रक्तातले पीएसए निम्मे व्हायला दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे एखादा संसर्ग किंवा लघवी तुंबल्याचा प्रसंग बरेच आठवडे आकड्यात रेंगाळतो. अचानक लघवी अडकून नळी घालावी लागलेल्या माणसाचे पीएसए त्याच दिवशी पाहून घरच्यांना घाबरवण्यात काही अर्थ नसतो. दुसरे काम औषधांची पिशवी उघडून पाहणे. प्रोस्टेट वाढल्यावर देतात त्यांपैकी फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ही दोन औषधे सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्म्यावर आणतात. ती घेणाऱ्याचा २.८ हा 'नॉर्मल' आकडा प्रत्यक्षात ५.६ धरायचा असतो. लॅबला हे माहीत नसते, आणि नवा डॉक्टर विचारील याचीही खात्री नसते. हीच औषधे टक्कल थांबवण्यासाठीही घेतली जातात, आणि ती 'औषधे' आहेत असे घेणाऱ्यालाही वाटत नाही, हे वेगळेच.

तिसरे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित: ग्रंथीच्या आकाराशी आकडा ताडून पाहणे. पोटाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये प्रोस्टेटचे आकारमान लिहिलेले असते. समजा दोन माणसांचे पीएसए ५.२च आहे. एकाची ग्रंथी ६० घन सेंटिमीटरची, दुसऱ्याची २५ची. पहिल्याचा भागाकार येतो ०.०९च्या आत, दुसऱ्याचा ०.२०च्या वर. या भागाकाराला घनता म्हणतात आणि ०.१५च्या वर गेल्यास संशय घट्ट होतो. पहिल्या माणसाकडे मोठी ग्रंथी आहे आणि मोठी ग्रंथी तेवढे पीएसए देणारच. दुसऱ्याच्या लहान ग्रंथीतून इतके येण्याला काहीतरी कारण हवे. रिपोर्टवर दोघांनाही तोच 'एच' असतो. चारच्या पुढच्या पण दहाच्या आतल्या पट्ट्यात आणखी एक आधार आहे. रक्तातले काही पीएसए इतर प्रथिनांना बांधलेले असते आणि काही मोकळे. १९९८च्या एका मोठ्या अभ्यासात मोकळ्याचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी असलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना कर्करोग निघाला, आणि ते २५ टक्क्यांहून जास्त असलेल्यांपैकी फक्त ८ टक्क्यांना. एकाच आकड्याच्या पोटात एवढे अंतर असते.

यावर साहजिक आक्षेप असा की एवढी आकडेमोड कशाला? बायॉप्सी करून टाकावी, सोक्षमोक्ष लागेल. पण बायॉप्सीने नेहमी सोक्षमोक्ष लागतोच असे नाही. गुदमार्गातून सुई घालून दहा-बारा तुकडे घेतले की काहींना तापासह गंभीर जंतुसंसर्ग होतो, आणि आपल्याकडे नेहमीच्या अँटिबायॉटिकांना न जुमानणारे जंतू वाढल्याने ही भीती पोकळ नाही. म्हणून आता अनेक ठिकाणी अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून सुई घालतात. त्याहून मोठी अडचण सापडणाऱ्या कर्करोगाचीच आहे. दुसऱ्याच कारणाने मृत्यू पावलेल्या पुरुषांच्या शवविच्छेदनांत ऐंशीच्या घरातल्या निम्म्याहून अधिकांच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोगाच्या पेशी सापडल्या आहेत. त्यांना जिवंतपणी त्याचा पत्ता नव्हता आणि त्रासही नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली ग्लीसन पद्धतीने या पेशींची प्रत लावतात. सर्वांत खालच्या प्रतीचा कर्करोग शरीरात पसरल्याचे उदाहरण इतके दुर्मीळ आहे की त्याला कर्करोग म्हणावे की नाही यावरच तज्ज्ञांमध्ये वाद चालू आहे. पण एकदा तो शब्द कागदावर आला की घरात कुणालाही स्वस्थ बसवत नाही. 'काढून टाका' हे पहिले वाक्य असते, आणि त्या काढून टाकण्याची किंमत अनेकांना लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता गमावून मोजावी लागते.

न काढता थांबणे म्हणजे जिवाशी खेळ, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी ब्रिटनमधला प्रोटेक्ट हा प्रयोग महत्त्वाचा आहे. पीएसए तपासणीतून कर्करोग सापडलेल्या, आणि तो बहुतेक ग्रंथीपुरताच असलेल्या १६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत विभागले: शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि नुसती देखरेख. पंधरा वर्षांनी, २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या कर्करोगाने मरण पावलेले होते एकूण २.७ टक्के, आणि तिन्ही गटांत फरक जवळजवळ नव्हता. देखरेखीची बाजू मांडणाऱ्यांनी मात्र याच प्रयोगातला दुसरा आकडाही सांगायला हवा: देखरेखीच्या गटात रोग दूर पसरलेले ९.४ टक्के होते, इतर दोन गटांत सुमारे ५ टक्के. शिवाय देखरेखीतल्या साठ टक्क्यांच्या आसपास पुरुषांनी पंधरा वर्षांत कधीतरी शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन घेतलेच. तेव्हा देखरेख म्हणजे विसरून जाणे नव्हे. ठरावीक काळाने पीएसए, अधूनमधून एमआरआय, गरज वाटल्यास पुन्हा बायॉप्सी, आणि रोगाने चाल बदलली की उपचार. आजच्या देखरेखीत माणसांची निवडही त्या प्रयोगापेक्षा अधिक काटेकोर होते.

मग उलट टोकाचा आक्षेप येतो: इतका खटाटोप आणि इतका निरुपद्रवी कर्करोग असेल, तर ही चाचणी करायचीच कशाला? प्रोस्टेटमधल्या प्रतिजनांवर १९७०मध्ये काम केलेल्या रिचर्ड ॲब्लिन यांनीच २०१०मध्ये सरसकट पीएसए तपासणीवर वर्तमानपत्रातून कडाडून टीका केली, आणि अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१२मध्ये निरोगी पुरुषांत ती करू नये अशी शिफारस केली. तरीही पुरावा पूर्णपणे त्या बाजूने झुकत नाही. युरोपातल्या १ लाख ६२ हजार पुरुषांच्या प्रयोगात २००९मध्ये, नऊ वर्षांनी, या कर्करोगाच्या मृत्यूंत २० टक्के घट दिसली, पण एक मृत्यू टाळण्यासाठी १४१० जणांना तपासणीला बोलवावे लागत होते आणि ४८ जणांवर जादा उपचार होत होते. तेवीस वर्षांनी तोच हिशेब ४५६ जणांना बोलावणे आणि १२ जादा निदाने इथवर आला. हा रोग सावकाश चालतो, त्यामुळे तपासणीचा फायदाही उशिरा दिसतो. अमेरिकेतल्या प्रयोगात फायदा दिसला नाही, कारण तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बहुतेकांनीही बाहेर परस्पर पीएसए करून घेतले होते. ती तपासणी आणि तपासणीचीच तुलना झाली. ब्रिटनमध्ये एकदाच पीएसएला बोलावून पाहिले, तर पंधरा वर्षांत मृत्यूचे प्रमाण ०.७८वरून ०.६९ टक्क्यावर आले. फायदा खरा आहे, लहान आहे, आणि त्याची किंमत निरोगी माणसे मोजतात. २०१८मध्ये अमेरिकी कृतिदलाने भूमिका बदलली: ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ज्याने त्याने ठरवावे, सत्तरीनंतर करू नये. मला ही शिफारस पटते, पण ती जशीच्या तशी इथे उतरवता येत नाही.

याचे कारण आपल्याकडचा प्रश्न दुहेरी आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण भारतात पाश्चात्त्य देशांच्या मानाने अगदी कमी आहे. २०२२च्या जागतिक अंदाजात सुमारे ३८ हजार नवे रुग्ण, एवढ्या मोठ्या देशात. मूळ प्रमाण कमी असले की तोच वाढलेला आकडा कमी धोका दाखवतो. कॅटालोनांचे २२ टक्के सेंट लुइसचे होते, सांगलीचे किंवा मडगावचे नव्हेत. लघवीचा त्रास असलेल्या भारतीय पुरुषांत बायॉप्सीसाठी चारची मर्यादा वर न्यावी, असे लखनौच्या संजय गांधी संस्थेतल्या डॉक्टरांनी २०१४मध्येच सुचवले होते. दुसरीकडे, ज्यांना हा रोग होतो त्यांच्यापैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास लोक आपल्याकडे तो हाडांत किंवा दूर पसरल्यावरच डॉक्टरकडे पोचतात. अमेरिकेत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आहे. म्हणजे शहरातल्या निरोगी माणसाच्या पॅकेजमध्ये पीएसए न विचारता घातले जाते, आणि गावात कंबरदुखीने सहा महिने मलम चोळणाऱ्या सत्तरीच्या शेतकऱ्याचे ते कुणीच पाहत नाही. त्या दुसऱ्या माणसासाठी ही चाचणी 'स्क्रीनिंग' नाहीच, ती निदानाचा भाग आहे. त्याच्या वयाकडे बोट दाखवून 'सत्तरीनंतर पीएसए करू नये' असे म्हणणे हे शिफारशीचे चुकीचे वाचन होईल.

लघवीच्या त्रासावरून अंदाज बांधण्यातही एक फसगत आहे. वयानुसार होणारी साधी वाढ ग्रंथीच्या आतल्या, मूत्रनलिकेला लागून असलेल्या भागात होते, म्हणून धार बारीक होते, रात्री तीनदा उठावे लागते. कर्करोग बहुतेक वेळा बाहेरच्या भागात सुरू होतो, तिथून तो बराच काळ नलिकेला धक्काही लावत नाही. त्यामुळे त्रास असलेला माणूस कर्करोगाच्या भीतीने झुरतो आणि त्रास नसलेला निश्चिंत राहतो. वडिलांना किंवा भावाला हा कर्करोग झाला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. घरातल्या स्त्रियांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग आणि बीआरसीए-२ या जनुकातला दोष असेल तर पुरुषांनीही आपल्या प्रोस्टेटची दखल घ्यायला हवी. ही चौकशी फुकट होते, आणि लॅबच्या फॉर्मवर तिच्यासाठी जागा नसते.

गेल्या काही वर्षांत सर्वांत मोठा बदल झाला तो बायॉप्सीच्या आधी एमआरआय करण्याने. २०१८मधल्या ५०० पुरुषांच्या प्रयोगात एका गटाची थेट बायॉप्सी केली, दुसऱ्याचा आधी एमआरआय करून फक्त संशयास्पद जागीच सुई घातली. दुसऱ्या गटात दखल घेण्याजोगा कर्करोग ३८ टक्क्यांना सापडला, पहिल्यात २६ टक्क्यांना. आणि निरुपद्रवी कर्करोग उलट कमी सापडला, २२च्या जागी ९ टक्के. दुसऱ्या गटातल्या पाऊणशेच्या आसपास माणसांना सुई लागलीच नाही. मुंबई-पुण्यात हा क्रम आता सहज जमतो. तालुक्याच्या गावी प्रोस्टेटचा एमआरआय नीट वाचणारा रेडिऑलॉजिस्ट मिळणे कठीण, आणि खर्च काही हजारांचा. तिथे पुन्हा केलेले पीएसए, सोनोग्राफीतला आकार, मोकळ्या पीएसएचे प्रमाण आणि डॉक्टरने बोटाने केलेली गुदतपासणी यांवरच कोणाला पुढे पाठवायचे हे ठरवावे लागते. हा क्रम कमी प्रतीचा नाही. गुदतपासणीला संकोचाने नाही म्हणणारे पुष्कळ आहेत, पण ग्रंथी दगडासारखी कडक लागली तर पीएसए तीन असले तरी पुढची तपासणी करावीच लागते.

वयाचा हिशेबही यातच येतो. स्वीडनमधल्या माल्मो शहरात जुने साठवलेले रक्त तपासून असे दिसले की साठाव्या वर्षी पीएसए एक किंवा त्याहून कमी असलेल्या माणसाचा पंच्याऐंशीपर्यंत या कर्करोगाने मृत्यू होण्याची शक्यता ०.२ टक्के होती. अशा माणसाला दरवर्षी पॅकेजमधून हीच चाचणी विकण्याला कारण नाही. त्याच साठीला आकडा तीन असलेल्याला नियमित पाहण्याला आहे. आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, हृदयाची अँजिओप्लास्टी झालेल्या, कोणताही त्रास नसलेल्या माणसाचे पीएसए ६ आले, तर डॉक्टरला पहिला प्रश्न विचारावा लागेल तो असा: हे आलेच नसते तर आपण काय वेगळे केले असते? बहुतेक वेळा उत्तर 'काहीच नाही' असे असते, आणि मग पुढची बायॉप्सी कोणासाठी, हे डॉक्टरला आधी सांगता यायला हवे.